खवले नसलेला मासा

९ नोव्हेंबर

सत्यजीत आज माझा गाळा सोडून गेला. तळमजल्यावर त्याचं रंगीत माशांचं दुकान होतं. माणूस तसा सरळ, पण जाताना तोंड लपवून गेला. छोट्या टाक्या, दिवे, पंप, हीटर, सगळं टेम्पोत भरलं. मागच्या खोलीतली मोठी टाकी तेवढी राहिली. तिच्यात ती इलेक्ट्रिक ईल.

"टीचर, कळंबोलीची एक पार्टी येऊन घेऊन जाईल," असं म्हणाला, पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता. माझं सगळं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलंय. गृहपाठ न करता आलेलं पोर असंच दुसरीकडे बघतं.

तो गेल्यावर मी एकटीच टाकीसमोर उभी राहिले. उभी धरली तर माझ्या छातीपर्यंत येईल एवढी लांब. रंग जुन्या तव्यासारखा, गळ्याखाली शेंदरी. डोळे मोहरीएवढे. अंगावर एक खवला नाही. खवले नसलेला मासा आम्हा बेने इस्रायल, म्हणजे इथल्या ज्यू लोकांच्या घरात येत नाही. पण गाळा म्हणजे काही घर नव्हे, अशी मी सोय लावून घेतली आहे. नर की मादी ते ठाऊक नाही. मी 'ती' म्हणणार.

लेकीला, लीयाला, मजा वाटेल म्हणून इस्रायलमध्ये दिमोनाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल टाकीसमोर धरला. तर म्हणे, "आई, प्लीज, तो मासा बाजूला कर. मला कसंतरी होतंय." आणि फोनच ठेवला. लहानपणी हीच मुलगी बोय माशाचं डोकं चोखून चोखून खायची. परदेशात गेलं की नाकं नाजूक होतात.

जानेवारीअखेरचं माझं तिकीट तिनेच पाठवलं आहे. फक्त जाण्याचं. तिचे वडील नाथन गेल्यापासून तिचं एकच चालू आहे, आई तू एकटी तिथे काय करतेस. ते मलाही नेमकं सांगता येत नाही, आणि म्हणूनच त्या प्रश्नाचा राग येतो.

१४ नोव्हेंबर

कळंबोलीचं कोणी आलं नाही. सत्यजीत फोन उचलत नाही.

ती काही खात नाही. पोळी टाकली, भात टाकला, दुकानात राहिलेले रंगीत दाणे टाकले. सगळं फुगून वर आलं आणि मलाच जाळीने काढावं लागलं. ती तळाशी पडलेली असते. मधेच हळूच वर येते, तोंड पाण्याबाहेर काढून हवा घेते आणि परत खाली जाते. तिला हवा घ्यावीच लागते, नाहीतर पाण्यात असूनही गुदमरेल. एवढं एक मला माहीत होतं. बाकी काही नाही. 'सजीवांचे पोषण' हा धडा मी किती वर्षं शिकवला, आणि एका माशाला काय वाढायचं ते मला माहीत नाही.

दुपारभर वाचत बसले. ही खरी वाम नव्हेच, दुसऱ्याच घराण्यातली. दक्षिण अमेरिकेतल्या गढूळ नद्यांमध्ये राहते. पिल्लं असतात तेव्हा किडे, छोटी कोळंबी, आणि आईबापांनी मागून घातलेली अंडीसुद्धा खातात. मोठी झाली की मुख्य खाणं मासे. चावत नाही, अख्खा मासा एका घोटात आत ओढून घेते. आणि मी तिला भात वाढत होते.

१७ नोव्हेंबर

भगवान आला होता. सोसायटीचा चेअरमन. ओवे गावात यांची शेती होती, आता तिथे इमारती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच याच्या आहेत. त्याची मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून तो मला टीचरच म्हणतो.

"टीचर, यो करंटवाला मासा हितं नाय चालनार. लोकं घाबरल्यान. कुनाला झटका बसला त जबाबदार कोन?"

"काचेतून झटका बसत नाही, भगवान."

"त्ये तुमाला म्हाईत. लोकांना नाय म्हाईत." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "तुमी तशाबी जानार ना लेकीकडं? मंग कशाला डोक्याला ताप? मी दोन मानसं धाडतो. खाडीत सोडून येतील."

मी म्हटलं, खाऱ्या पाण्यात ती मरेल. तो म्हणाला, मंग गाढी नदीत. मी म्हटलं, नदीत जगली तर आणखी वाईट, गुरं पाण्यात उतरतात, बायका कपडे धुतात. तो वैतागला. "मंग करायचं काय तिचा?"

 माझ्या तोंडातून निघालं, "गाळा माझा आहे. मासाही माझा आहे."

 मासा माझा आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

२० नोव्हेंबर

आज टाकीच्या काचेला तळवा लावला आणि स्वतःलाच दोन शब्द सुनावले. काच गार! हीटर सत्यजीत घेऊन गेला. थंडी सुरू झाली आहे आणि ही बाई विषुववृत्ताजवळची. गार पाण्यात हिला भूक लागणार कशी? रिक्षा करून रोडपालीच्या दुकानात गेले आणि दोन हीटर आणले. दुकानदाराने विचारलं, कुठला मासा? सांगितलं तर तो माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला. "नातवासाठी का?" म्हणाला.

"नाही, माझ्यासाठी."

लीया आणि तिचा नवरा अवी यांना मूल नाही. दोनदा आशा लागली आणि दोनदा संपली. तो विषय मी घरात काढत नाही. दुकानदार काढतात.

२३ नोव्हेंबर

पाणी कोमट झालं आणि ती टाकीत फिरायला लागली. पुढेही जाते, तशीच मागेही जाते. पोटाखालचा तो लांब पर झालरीसारखा हलतो.

आता खाणं. वाचल्याप्रमाणे सुरुवात कोळंबीने करायची ठरवली. मी आयुष्यात कोळंबीला हात लावलेला नाही. आमच्यात चालतच नाही. बाजारात गोदूकडे गेले. ही उरणहून मासळी घेऊन येते आणि माझी बोय, चिलापी बाजूला काढून ठेवते. मी कोळंबीच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

गोदूचा कोयता हवेतच थांबला. "बाय, ती कोलंबी हाय."

"माहीत आहे. दे."

"तुमाला? कदी नाय घेतली तुमी. तुमच्या देवाला चालतंय?"

"देवाचं मी बघते. तू वजन कर."

तिने इतक्या हळुवारपणे पिशवी बांधली जणू मी आजारी आहे. आजूबाजूच्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. मला खुलासा करता आला असता, पण नाही केला. माझ्या पिशवीत काय आहे ते बाजाराला कशाला सांगायचं?

२५ नोव्हेंबर

खाल्लं!

आधी नीट लिहिते. सत्यजीत गिऱ्हाइकांना दाखवायला एक छोटा स्पीकर वापरायचा, तो माळ्यावर सापडला. त्याच्या दोन तारा पाण्यात सोडल्या की तिची वीज ऐकू येते. पडून असली की टक… टक… टक. हे तिचं चाचपडणं. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नाही, या हलक्या विजेनेच ती आजूबाजूचं जग ओळखते.

काल कोळंबी नुसती तळाशी टाकली होती. तिने ढुंकून पाहिलं नाही. आज रबरी हातमोजे घातले, लाकडी चिमट्यात कोळंबी धरली आणि पाण्यात थोडी थोडी हलवली. टकटक वाढलं. ती वळली आणि स्पीकरमधून एकदम झर्रर्र, फाटक्या पत्र्यावर पाऊस पडावा तसं. मी दचकून चिमटा सोडला. बघते तर कोळंबी नाही! चिमटा तेवढा तरंगत होता.

म्हणजे ती मेलेलं खाणार, पण हलतंय असं वाटलं पाहिजे. पडलेलं अन्न तिला अन्न वाटत नाही.

इतका आनंद झाला की वर जाऊन चहा करताना साखर दोनदा घातली. लीयाला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि मधेच विचारलं, "आई, अळिवाची खीर कशी करतात गं?" मी इथे शिकारीचं सांगतेय आणि हिला खीर! सांगितली, अळीव आधी नारळाच्या पाण्यात भिजवायचे. मग म्हणाली, "माझ्या वेळी तू शाळेत कधीपर्यंत जात होतीस?" मी म्हटलं, एप्रिलपर्यंत, परीक्षा संपेपर्यंत सगळेच जातात. ती हसत सुटली. या मुलीचं हल्ली लक्ष नसतं.

२ डिसेंबर

एलियाहूभाऊ आले होते. आमच्या सिनेगॉगचं, म्हणजे प्रार्थनाघराचं, सगळं बघणारे, बँकेतून रिटायर झालेले. कडक इस्त्रीचा शर्ट. खुर्चीच्या टोकावर बसले, पाणी प्यायले, हवापाण्याचं बोलले. मग घसा साफ करून म्हणाले, "इलानाबाई, एकटेपणात माणूस कधी कधी… नियम सैल करतो."

"कुठले नियम?"

"बाजारात लोक बोलतात. कोळंबीचं."

मला हसू आलं आणि संतापही आला. आयुष्यभर मी काय शिजवलं ते कोणी विचारलं नाही, आणि एका पिशवीवरून चौकशी! म्हटलं, "हो, आणते. आठवड्यातून तीनदा. मोठी मिळाली तर मोठी."

त्यांचा चेहरा पडला. एवढा पडला की मलाच राहवलं नाही, त्यांना खाली घेऊन गेले. ते टाकीसमोर उभे राहिले. ती वर आली, हवा घेतली आणि खाली गेली.  मग म्हणाले, "खवले नाहीत."

"म्हणूनच आपण हिला खात नाही. ती काय खाते त्याचा नियम कुठे लिहिलाय का?"

"तसा नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

जाताना दारात थांबले. "लीयाशी बोलणं होतं ना रोज? तिला जपा. आता तिला त्रास होईल असं काही बोलू नका." म्हणजे हेही तिच्याच बाजूचे! सगळ्यांनी मिळून मला विमानात बसवायचं ठरवलेलं दिसतंय.

१४ डिसेंबर, रविवार

आज फजिती झाली. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

लोकांची भीती जावी म्हणून मीच सोसायटीतल्या सगळ्यांना संध्याकाळी बोलावलं होतं. या आणि ती कशी जेवते ते बघा. वीसेक माणसं त्या छोट्या खोलीत घुसली. सगळ्यांचे मोबाइल वर, त्यांचे दिवे टाकीवर. एक गृहस्थ अंगठीने काचेवर ठकठक करत होते. मी चिमट्यात कोळंबी धरून हलवत राहिले. हलवत राहिले, हलवत राहिले. ती कोपऱ्यातल्या पाइपमागे तोंड खुपसून बसली. स्पीकरसुद्धा जेमतेम टक… टक.

"मेली का?" कोणीतरी विचारलं. हशा पिकला.

भगवान शांतपणे म्हणाला, "टीचर, बगितलं आमी. आता महिनाअखेर. मंग मी मानसं धाडनार."

मी चिमटा खाली ठेवला आणि वर्गात बोलायचे तसा आवाज काढला. "बघून झालं असेल तर बाहेर व्हा सगळे. दिवे बंद करा. आणि तुम्ही, काचेवर बोट लावायचं नाही." आवाज अजून आहे. सगळे निमूट बाहेर गेले, अंगठीवालेसुद्धा.

मग स्टूल ओढून बसले. वाटलं, मी कोणासाठी भांडतेय? तिला माझ्याशी काही देणंघेणं नाही. मला बघून ती शेपूटही हलवत नाही. जगली काय, मेली काय, दिमोनाला जाणारी बाई मी. मग आठवलं, वर्गात इन्स्पेक्टर आले की माझी सगळ्यात हुशार मुलगीसुद्धा अशीच गप्प व्हायची. इतक्या लोकांसमोर मला तरी घास गेला असता का?

२२ डिसेंबर

गाळ्याची वीज गेली. फक्त गाळ्याची.

सत्यजीतने जाताना मीटर बंद करून घेतला होता, तेव्हापासून वीज सोसायटीच्या लाइनवरून येत होती. भगवानला फोन केला. "लाइनचं काम चाललंय टीचर. दोन-चार दिस लागतील." आवाज अगदी गोड.

दोन-चार दिवसांत पाणी गार पडणार. मी भांडले नाही. वर जाऊन गॅसच्या दोन्ही शेगड्यांवर पातेली चढवली. गरम पाणी बाटल्यांत भरून त्या बाटल्या टाकीत सोडायच्या, गार झाल्या की काढून पुन्हा भरायच्या. तिसऱ्या खेपेला जिन्यात गुडघा बोलायला लागला. तेवढ्यात एलियाहूभाऊ आले, काहीतरी सांगायला आले होते. माझा अवतार बघून त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. इस्त्री मोडली. मी भरत होते, ते नेत होते.

"हे असं किती वेळ करणार?" त्यांनी दम खात विचारलं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. विज्ञानाची शिक्षिका मी, आणि पातेली वाहत बसले! स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ खाली गाळ्याची खिडकी आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, चांगली जाड वायर आणवली आणि माझ्या घरातून खाली सोडली. हीटरचा लाल दिवा लागला तेव्हा एलियाहूभाऊंनी टाळी वाजवली.

ते सांगायला आले होते ते असं: आठ जानेवारीला सिनेगॉगमध्ये मलिदा आहे. लीयाने तिथून कळवून ठेवला आहे, नवसाचा. "तुम्ही यायचंच," म्हणाले.

मलिदा म्हणजे आमच्याकडे देवाचे आभार. म्हणजे आईला एकदाचं राजी केलं म्हणून आभार का? मला न विचारता!

२३ डिसेंबर

सकाळीच भगवान खिडकीखाली उभा. लटकणारी वायर बघून म्हणाला, "टीचर, हे चालनार नाय."

मी वरून म्हटलं, "चालतंय. आत जाऊन बघा, चालू आहे."

तो हसला नाही. पण वायरही काढली नाही.

३० डिसेंबर

महिनाअखेर आली आणि भगवान आला. माणसं नव्हती. एकटाच, हातात पाण्याने भरलेली बादली. आत चार चिलाप्या, जिवंत. ओव्याला त्याच्या जागेत अजून एक तळं राहिलंय, तिथल्या.

"त्या दिशी तिनं खाल्ला नाय. माज्या डोक्यात तेच फिरतंय. जिती टाकून बगू?"

मला नको वाटत होतं. आजवर मेलेली कोळंबी दिली, त्यात मन फार गुंतत नाही. चिलापी बादलीत गोल गोल फिरत होती. अन्नसाखळीच्या बाणांची चित्रं मी फळ्यावर हजार वेळा काढली असतील. बाणाच्या एका टोकाचा मासा हातात घ्यायची वेळ कधी आली नव्हती. तरी म्हटलं, दे. बघायचं तर पूर्ण बघावं.

संध्याकाळचा उजेड होता. खोलीतला दिवा लावला नाही. मी भगवानला सांगितलं, बोलायचं नाही, हलायचं नाही. चेअरमन स्टुलावर मुलासारखा बसला.

चिलापी पाण्यात पडताच सुसाट गेली आणि पाइपमागे लपली. अगदी निश्चल. ईलने तिला पाहिलं नव्हतंच. टक… टक… टक. मग ती संथपणे फिरायला लागली, आणि स्पीकरमधून वेगळाच आवाज आला. टकटक. दोन ठोके जोडून. मी वाचलं होतं, पण ऐकलं आज पहिल्यांदा. या दोन ठोक्यांनी लपलेल्या माशाचे स्नायू आपोआप आखडतात. त्याची इच्छा असो वा नसो, अंग उडतं. तसंच झालं. पाइपमागे चिलापीचं शेपूट थरकलं, एवढंसं. पाण्यात जी लाट उठली तिच्यावरून हिला पत्ता लागला. झर्रर्र! चिलापी जिथल्या तिथे ताठ, पोहता पोहता गोठल्यासारखी. आणि दुसऱ्या क्षणी गायब.

दुसरी चिलापी मोठी होती. ती तोंडात आडवी अडकली. तेव्हा ईलने स्वतःचं शेपूट वळवून पुढे आणलं, माशाला तोंड आणि शेपटीच्या मधे धरलं आणि वीज सोडत राहिली. दोन्हीकडून मार. मासा धडपडून धडपडून ढिला पडला. मग तिने तो सवडीने फिरवून डोक्याकडून गिळला.

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलं. पण त्याहून जास्त काय वाटलं ते लिहायला हरकत नाही: मला अभिमान वाटला. इतके दिवस उपाशी, गार पाण्यात, लोकांनी मेली म्हणून हसलेलं, आणि तिचं सगळं तिच्यात शाबूत होतं.

भगवान पुटपुटला, "आयला…" मग जीभ चावून, "सॉरी टीचर." उठताना म्हणाला, "भारी हाय. पन हितं नको."

"नवा मीटर माझ्या नावाने घेतेय. सोसायटीचं ना-हरकत लागेल."

"मंग दाराला लोखंडी जाली लावा. नि धोक्याची पाटी. मोठ्या अक्षरात."

"लावते."

"आनि वायर काडा वो ती. सगला रस्ता मला विचारतो, चेअरमन, यो काय प्रकार हाय."

८ जानेवारी

मलिद्याला गेले. मुद्दाम साधी साडी नेसून.

थाळीत गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, बदाम, फळं, वर गुलाब. आम्ही आता पनवेलमध्ये मोजकेच उरलो आहोत, त्यातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. जी ती माझा हात धरून हसत होती. एकीने गालावरून हात फिरवला. "सगळं नीट होईल, इलाना. आता तू तिथे जाच." माझ्या अंगाचा भडका उडत होता. ही मला निरोप द्यायची घाई!

एलियाहूभाऊंनी एलियाहू हनाबी या प्रेषिताची प्रार्थना म्हटली. शेवटी म्हणाले, "लीयाचा नवस पुरा होवो."

मी उभी राहिले. "लीयाचा नवस लीयाकडे. मी कुठेही जात नाहीये. तिकीट रद्द करणार आहे. माझं घर इथे आहे, गाळा इथे आहे आणि गाळ्यात एक जीव आहे ज्याला रोज कोणीतरी लागतं. तुम्ही सगळ्यांनी माझ्या जाण्याबद्दल देवाचे आभार मानायची गरज नाही."

 सगळ्या बायका एलियाहूभाऊंकडे बघायला लागल्या आणि ते आपल्या चपलांकडे. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माझ्या वाटणीचा मलिदा न घेता घरी आले.

छान बोलले, असं वाटत होतं. मग त्या बायकांचे चेहरे आठवले, आणि वाटेना.

९ जानेवारी

सकाळी लीयाचा व्हिडिओ कॉल. डोळे सुजलेले.

"आई, तू मलिद्याला काय बोललीस?"

"खरं ते बोलले. मला न विचारता माझा नवस—"

"तो तुझ्यासाठी नव्हता."

"मग कोणासाठी?"

 तिने मोबाइल हळूहळू खाली नेला. आधी गळा, मग मोठा सैल शर्ट, मग शर्टावर तिचा हात. हाताखाली गोल.

 मग म्हणाली, "सहावा संपतोय."

पहिल्यांदा जो आला तो राग होता. लाज वाटते, पण तोच आला. "एलियाहूभाऊंना माहीत, सगळ्या बायकांना माहीत, आणि आईला नाही?"

"नवस बोलायचा तर त्यांना सांगावंच लागलं. बायकांना त्यांच्या बायकोने सांगितलं असेल." मग शर्ट नीट करत म्हणाली, "तुला दोनदा सांगितलं होतं, आई. दोन्ही वेळा शेवटी मलाच तुला धीर द्यावा लागला. या वेळी माझ्यात तेवढी ताकद नव्हती. तू इथे आलीस की समोरासमोर सांगणार होते."

 कसंतरी होतंय, खीर कशी करतात, माझ्या वेळी कधीपर्यंत… सगळं माझ्या कानावर पडत होतं. मी स्पीकरला कान लावून बसले होते.

दोघीही रडलो. मग मी नाक पुसून म्हटलं, "येते. त्याच तारखेला येते. बाळाला सांभाळते, तुला सांभाळते, अळीव घेऊन येते. पण परतीचं तिकीट काढून येणार."

"आई!"

"परतीचं, लीया."

ती म्हणाली, "तू आणि तुझा तो मासा." पण फोन ठेवला नाही.

२४ जानेवारी

उद्या निघायचं. जाळी लागली, पाटी लागली, मीटर लागला. भगवानने सही करताना तोंड वाकडं केलं, पण केली.

किल्ली एलियाहूभाऊंकडे. ते स्वतःहून म्हणाले. आज त्यांना सगळं करून दाखवलं: हातमोजे, लाकडी चिमटा, झाकण उघडण्याआधी काय बघायचं, पाणी किती कोमट. कोळंबीला हात लावणार नाहीत, चिमट्यानेच उचलणार. पहिल्या झर्ररला तेही दचकले आणि चष्मा टाकीत पडता पडता वाचला. दुसऱ्या वेळी नाही दचकले.

त्या बायकांची माफी मागायला घरोघर गेले. कोणी चहाशिवाय सोडलं नाही.

२ मे, दिमोना

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला हात मोकळा नव्हता.

मुलगी झाली. दोघीही सुखरूप. जवळच्या बेर्शेबा शहरातल्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात अवी आणि मी रात्र काढली, आणि या वेळी मी कोणाकडे धीर मागितला नाही. दिला. पोरगी काळी-सावळी, माझ्यासारखी, आणि भूक लागली की सगळी बिल्डिंग जागी करते.

एलियाहूभाऊंचा शुक्रवारी फोन येतो. ती खातेय, वाढतेय. भगवान पाहुण्यांना घेऊन येतो, त्यांना जाळीबाहेर उभं करतो आणि छाती फुगवून माहिती देतो. त्यातली अर्धी चूक असते. मी फोनवरून दुरुस्त्या सांगते, त्या तो ऐकत नाही.

माझं परतीचं विमान पुढच्या आठवड्यात. आज दुपारी लीया माझ्या शेजारी येऊन बसली. मांडीवर बाळ. खिडकीबाहेर ऊन आणि पिवळी माती, पाण्याचा टिपूस नाही.

"राहा ना, आई."

"नाही."

"इथे काय कमी आहे तुला?"

"काही नाही. तरी नाही. थंडीत पुन्हा येईन."

"तू फार हट्टी आहेस."

"आणि तू सहा महिने लपवून ठेवणारी. कुणावर गेलीस?"

ती बोलायला लागली, मीही बोलायला लागले, जुनं-नवं सगळं निघालं. बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून दोघी अगदी हळू आवाजात भांडलो.